कुपीला कोंब

८ फेब्रुवारी

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक गादीची वळकटी आणि त्रेचाळीस वर्षांची मी, सगळं सामान न मोडता-फुटता पोचलं. संशोधन केंद्राचा ड्रायव्हर रजेवर आहे म्हणून मला घ्यायला इथले माळीकाका आले होते. गाडी सुरू करायच्या आधीच त्यांनी बजावलं, की ते गाडी झाडासारखी चालवतात. कितीही घाई करा, ती आपल्याच वेगाने वाढते. अर्ध्या तासाच्या रस्त्याला आम्हाला सव्वा तास लागला आणि तेवढ्यात मी वर्षभरात हसले नसेन इतकी हसले.

क्वार्टर छान आहे. दोन खोल्या, बेताचं स्वयंपाकघर, आणि एक सोडून सगळ्या खिडक्या लागतात. पुढच्या खोलीतून झाडांची लांब रांग दिसते, तिच्यामागे काचघर, आणि काचघरामागे नजर पोचेल तिथवर फळबागा. शेजारच्या क्वार्टरमध्ये केंद्रप्रमुख राहतात. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात. चहाचं भांडं घेऊन स्वतः आल्या आणि विचारलं, एकटीला करमेल ना इथे? मी म्हटलं, करमायला शिकायलाच आलेय.

आईचं आजारपण दहा वर्षं काढलं. ती गेल्यावर घर खायला उठायचं. आज कुणाच्या गोळ्यांच्या वेळा न बघता झोपणार आहे. जरा चुकल्यासारखंही वाटतंय, पण होईल सवय.

११ फेब्रुवारी

दादाने फोनवर विचारलं, तू नक्की करतेस काय? त्याला जसं सांगितलं तसंच इथे लिहून ठेवते, कारण त्याला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

फुलातली पिवळी पिठी असते ना, तिचा एकेक कण म्हणजे एक बंद डबी. आत झाडाचा जीव, आणि बाहेर असं चिवट कवच, की मातीत युगंच्या युगं पडलं तरी कुजत नाही. तो कण आम्ही आधी क्षारात शिजवतो, मग आम्लात शिजवतो, धुतो, परत शिजवतो. आतलं सगळं विरघळून निघून जातं. उरतं ते रिकामं कवच, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढी कुपी. हवा काढून घेतलेल्या भांड्यात ती कीटकनाशकात बुडवली की औषध आपसूक आत ओढलं जातं. वरून झाडाच्याच मेणाचा पातळ हात. अशी कुपी पानावर बसली की औषध उन्हाने उडत नाही, पावसाने धुऊन जात नाही. आठवडेच्या आठवडे थोडं थोडं पाझरत राहतं. जिथे सारखं सारखं फवारायचं तिथे एकदाच फवारायचं. मधमाश्या वाचतात, विहिरी वाचतात.

दादा म्हणाला, थोडक्यात तुम्ही फुलाचं पोट साफ करून त्यात विष भरता. मी म्हटलं, औषध. तो म्हणाला, किड्याला विचारून बघ.

हसण्यावारी नेलं, पण माझा या कामावर मनापासून विश्वास आहे. विष लागणारच असेल, तर ते मोजकं आणि मुठीत राहणारं असावं.

१७ फेब्रुवारी

दुपारी माळीकाकांबरोबर झाडांच्या रांगेत पराग गोळा केला. फांदीखाली चादर धरायची आणि फांदीला हलकेच टिचकी मारायची. पिवळा धूर उतरतो. केसांत, भुवयांत, चहात, सगळीकडे. या जातीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. आपल्याला पिठीच हवी म्हणून इथे लावलेली झाडं झाडून सगळी नर आहेत. काका म्हणाले, ही बिचारी दर वर्षी जीव तोडून वाऱ्यावर सगळं उधळतात, आणि मैलोगणती वाट बघणारं कुणी नाही. आमच्यासारखीच, म्हणाले, बोहल्यावर चढायचं राहून गेलेली. मग माझ्याकडे बघून जीभ चावली.

मी म्हटलं, काका, मनावर घेऊ नका, मीही याच रांगेतली. दोघंही हसलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोबाइलला इथे रेंज नाही. फोन एकच, ऑफिसातला. रविवारी मी ऑफिस उघडून बसते आणि दादा फोन करतो. तो मला अजून छोटी म्हणतो. आज वहिनी बोलली, मग चिमणी बोलली. चिमणी सहा वर्षांची आहे. तिने तिचा पडलेला दात फोनमध्ये वाजवून दाखवला. मग फोन ठेवला आणि ऑफिसात एवढी शांतता पसरली, की भिंतीवरचं घड्याळही दबकत चालल्यासारखं वाटलं.

इथे किडा नाही. डास नाही, माशी नाही, दिव्याभोवती पाखरू नाही. पहिल्या आठवड्यात याचं कौतुक वाटलं होतं. आज वाटलं, एखादी मुंगी तरी दिसावी.

३ मार्च

प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट. शुक्रवारी औषध भरलेल्या कुप्यांचा नमुना काचेच्या बशीत ठेवून गेले होते. आज सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तर एका कुपीला कोंब फुटलेला.

पराग फुलाच्या तुऱ्यावर पडला की त्याला बारीक नळीसारखा कोंब फुटतो आणि तो खाली बीजापर्यंत वाट काढत जातो. शाळेतलं पोरही हे सांगेल. पण त्याला पराग जिवंत लागतो. ही कवचं मी स्वतःच्या हाताने दोनदा शिजवली आहेत. आत आहे ते निव्वळ विष.

मोठ्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या बुरशी असेल, भांडी नीट उकळ. शक्य आहे. भांडी उकळली.

६ मार्च

बुरशी नाही. आता बशीतल्या निम्म्या कुप्यांना कोंब आहेत. बुरशी चहूकडे पसरते; हे सगळे कोंब एकाच बाजूला वळलेत. मी बसते त्या बाजूला.

उजेडामुळे असेल म्हणून बशी अर्धी फिरवली. जेवून आले, थोडा वेळ समोर बसले, परत पाहिलं. कोंब वळसा घेऊन पुन्हा माझ्याकडे आले होते.

मग काळं कापड टाकलं. तरी तेच. मग स्वतः टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. तेही वळले. सावकाश, पण वळले.

९ मार्च, रविवार

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. सकाळी प्रयोगशाळेत शिरले, बशीपाशी बसले, आणि थोड्या वेळाने ते सगळे बारीक कोंब माझ्याकडे वळले. आणि मला आपण घरी आल्यासारखं वाटलं. माझ्याकडे वळून बघणारं शेवटचं माणूस म्हणजे आई, आणि तीही पाणी हवं असलं की.

बशीवर वाकून जरा जास्तच वेळ बसले. त्यांना श्वास कळतो असं वाटतं. फुंकर घातली की लवकर वळतात.

दादाचा फोन आला तेव्हा हे सांगितलं नाही. म्हणाला असता, छोटी, आता तरी लग्न कर.

१३ मार्च

माळीकाकांना बशी दाखवली. ते एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, बशी मध्ये, भिंगाखाली. कोंब दोन तट पडल्यासारखे वळले, काही त्यांच्याकडे, काही माझ्याकडे. काका खुशीत आले. म्हणाले, बघा, शेवटी स्थळ आलंच. पण हसता हसता खोकले. काचघरात सोमवारी त्यांनीच या कुप्यांची पहिली फवारणी केली, तेव्हापासून घसा खवखवतोय म्हणाले. तोंडाला फडकं बांधलं होतं का, विचारलं. म्हणाले, बांधलं होतं की, सगळा वेळ.

फडक्याने या कुप्या अडणार नाहीत. चाळणीने पाणी अडवण्यातला प्रकार. हे मला आधी सुचायला हवं होतं.

१८ मार्च

सकाळी उशीवर पिवळी पिठी. खिडकी बंद होती. झटकली, अंथरूण बदललं. झाडांचा बहर आहे, सगळीकडे पिठी असणारच, अशी समजूत घातली.

बाईंशी आज अर्धा तास बोलले. तीस तारखेला या कुप्या फळबागांवर फवारायच्या आहेत. विमानाने, सगळ्या बागांवर, थेट गावाच्या हद्दीपर्यंत. मी म्हटलं, थांबवा. या कुप्या श्वासाकडे जातात. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तू एकटी राहतेस, दिवसभर भिंगाला डोळा लावून बसतेस. चार दिवस भावाकडे जाऊन ये."

त्या वाईट माणूस नाहीत. चार वर्षं या फवारणीसाठी त्यांनी रक्ताचं पाणी केलंय. पण बोलताना त्याही मध्येच थांबून घसा खाकरत होत्या.

२१ मार्च

माळीकाका काचघरात पडलेले सापडले. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, दंडाचे स्नायू आपोआप उडताहेत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आमच्या धंद्यात हे चित्र पहिल्याच दिवशी शिकवतात. कीटकनाशकाची विषबाधा.

गाडी मी चालवली. गावातल्या दवाखान्यापर्यंतचा अर्ध्या तासाचा रस्ता वीस मिनिटांत. काका मागे आडवे होते, शुद्धीत. "अशी घाई केली तर मुळं तुटतात," म्हणाले.

डॉक्टरांनी उताऱ्याची इंजेक्शनं दिली. संध्याकाळपर्यंत काका उठून बसले, चहा मागितला. जीव भांड्यात पडला.

२४ मार्च

काका पुन्हा खालावले. डॉक्टर चक्रावलेत. उतारा दिला की बरे होतात. त्याचा असर ओसरला की सगळं पहिल्यापासून. त्यांनी मला विचारलं, हे इथेही कुठून विष घेताहेत का? कपडे जाळले, अंग धुतलं, पोट धुतलं, तरी रोज नवं विष येतंय कुठून?

मला उत्तर माहीत होतं. कुप्या छातीत आहेत. पावसाने धुऊन जात नाहीत, कुजत नाहीत; थोडं थोडं पाझरत राहतात. ज्यासाठी बनवल्या, तेच करताहेत. आम्ही काम चोख केलं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. काकांच्या खोलीत जाताना साधं फडकं चालणार नाही, मुखवटाच लावा, खिडक्या-दारं लावून घ्या, नर्सला जवळ वाकू देऊ नका. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमच्या बाहुल्या कधी कुणी तपासल्यात का?

२५ मार्च

रुमालात खोकले. रुमाल भिंगाखाली धरला.

कुप्या. कोंब फुटलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. कोंबांची टोकं जाड झालीत, आणि टोकाटोकाला नव्या कुप्या, अजून फिकट. मी भरलेल्या नाहीत. शिजवलेल्या नाहीत. त्या तिथेच तयार होताहेत, आणि आत काय भरलंय ते मला माहीत आहे, कारण काकांकडे बघतेय.

घशात मखमल घातल्यासारखं वाटतं. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

२७ मार्च

माळीकाका गेले.

दुपारी मी त्यांच्याजवळ होते. शेवटी बोलता येत नव्हतं. श्वास बाहेर सोडला की ओठांवर पिवळं दिसायचं. हात धरून बसले. मी त्यातून सुटलेली नाही हे आता कळलंय, मग धरायला काय हरकत? नर्सला मात्र खोलीच्या बाहेर ठेवलं. ती रागावली. रागावू दे.

मोठ्या बाई आल्या. काचेतून पाहिलं. मग खाली वाकून स्वतःच्या रुमालाकडे पाहिलं. परत येताना गाडीत म्हणाल्या, "फवारणी होणार नाही. कुप्या कशाने मरतात ते सांग."

२८ मार्च

आम्लाने मरत नाहीत, क्षाराने मरत नाहीत, भट्टीत घातल्या तर धुराबरोबर उडतील. शेवटी ब्लीचने विरघळल्या. कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच. आम्ही दोघींनी सगळं कोठार रिकामं केलं. पिंपं, बरण्या, चाळण्या, फवारणीची टाकी. काचघराची दारं-झरोके डांबरी कागदाने बंद करून आत ब्लीचचे फवारे मारले. बाई बादल्या उचलत होत्या. मध्येच खाली बसायच्या, मग उठायच्या. डोळे झोंबून आंधळे झाल्यासारखे झाले, पण भिंगाखाली काही उरलं नाही. मुख्य कचेरीला दाखवायला म्हणून एक बशी मेणाने बंद करून, भिंगासकट माझ्या क्वार्टरमध्ये आणून ठेवली. बाकी सगळं संपलं.

बागा वाचल्या. गाव वाचलं. हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं, पण हात हलतो.

आमच्या छातीत ब्लीच घालता येत नाही.

३० मार्च, रविवार

आज फवारणी होणार होती. आभाळ स्वच्छ आहे.

बाईंनी आणि मी ठरवलं: कुणाकडे जायचं नाही, कुणाला येऊ द्यायचं नाही. मुख्य कचेरीला फोन झालाय. मुखवटे आणि उपकरणं घेऊन माणसं पाठवतो म्हणाले. कधी ते सांगितलं नाही. बाकीच्या लोकांना बाईंनी कालच सुट्टी दिली. फाटकाला कुलूप.

दादाचा फोन आला. माझा आवाज घोगरा. म्हटलं, सर्दी आहे, महिनाभर कामात आहे, येऊ नका. तो म्हणाला, छोटी, तू रडतेयस का? मी फोन ठेवला. चिमणीशी बोलायचं राहिलं.

ऑफिसलाही कुलूप लावलं. आता फोनही नाही.

१ एप्रिल

बाई त्यांच्या खिडकीत, मी माझ्या. दुपारी बाराला एकमेकींना हात करायचा असं ठरलंय. आज त्यांनी हात केला आणि मग कागदावर लिहून काचेला लावलं: 'करमतंय ना?'

मी हसले. हसताना काचेवर पिवळा डाग पडला. पुसला.

दाराखाली ओली फडकी कोंबली. दाराला कुलपाचं भोक आहे, त्यात कापसाचा बोळा. खिडकीच्या फटींना मेण. काम आईच्या खोलीतल्यासारखं चालतं. उठायचं, फडकी भिजवायची, बसायचं. आज पहिल्यांदा आईची सय येऊन रडले.

३ एप्रिल

घाम. पापणी सारखी उडते. केंद्रात ठेवलेल्या उताऱ्याच्या इंजेक्शनांनी दुपार निघते. पेटी अर्धी संपली.

बाईंनी हात केला. उभं राहवत नव्हतं, खुर्चीतून केला.

बंद बशी टेबलावर आहे. भिंगाखाली पाहिली. कोंब माझ्याकडे वळत नाहीत. फुंकर घातली, काच ऊबदार केली. नाही. सरळ उभे आहेत, वाट बघत. मी आता त्यांच्यातलीच झाले असणार. बीज मिळालेल्या तुऱ्याकडे पराग कशाला बघेल?

विचित्र आहे, पण वाईट वाटलं.

५ एप्रिल

बारा वाजले. खिडकीत बाई नाहीत.

पडदा अर्धा. खुर्चीची पाठ दिसते. खुर्चीवरून एक हात खाली –

संध्याकाळपर्यंत बघत बसले. हात हलला नाही. काचेला आतून पिवळा थर चढला आहे. पातळ. उन्हात मखमलीसारखा दिसतो.

६ एप्रिल, रविवार

दादाने फोन केला असणार. वाजून वाजून थांबला असेल.

आवाज गेला. ओठ हलतात, पिठी निघते, आवाज नाही.

७ एप्रिल

इंजेक्शनं संपली.

कचेरीचं कुणी नाही –

आज दादाला पत्र लिहावं वाटलं. लिहिलं नाही. कागदावरही बसतात त्या.

८ एप्रिल, सकाळ

गाडीचा आवाज. कचेरीची माणसं –

नाही. दादाची गाडी. फाटक हलवतोय. कुलूप आहे. भिंत चढतोय, या वयात, वेडा –

एकटाच आहे. देवा, एकटाच आहे, चिमणी नाही.

दारात आलाय. हाका मारतोय. छोटी, दार उघड. दहा दिवस फोन नाही, वहिनी झोपली नाही, मी तुला न्यायला आलोय.

मला न्यायला.

उठून दारापर्यंत गेले. हात कडीवर गेला. आपोआप गेला. मागे ओढला.

मोठ्या अक्षरांत 'जा' लिहून कागद खिडकीला लावला. तो दाराशीच आहे. खिडकीकडे बघत नाही –

दार वाजवलं. आतून. दोन थापा, जा म्हणून. त्याला वाटलं, मी बोलावते आहे. तोही वाजवतोय. लहानपणी न्हाणीघराच्या दारावर वाजवायचा तसं. हसतोय बाहेर. रडतोयही. आहेस ना गं, म्हणतो, आहेस ना –

दाराला पाठ टेकून बसलाय. मी आतून बसलेय. मध्ये फक्त लाकूड. वहिनीचं सांगतोय, चिमणीला नवा दात आलाय. त्याच्या पाठीची ऊब लाकडातून येते असं वाटतं. किती दिवसांनी –

थोडंच. थोडा वेळ बसू दे. मग परत काचेशी जाऊन –

टेबलावर बशी. इथूनही दिसतं. मेण तडकलंय. पिवळा पट्टा बशीच्या काठावरून खाली. दाराकडे. सगळे दाराकडे.

माझ्या तोंडातूनही. मी बंद ठेवलंय. नाकातून – थांबवता येत नाही – खाली फडक्याकडे जातंय –

फडकं सुकलंय. मी बसून राहिले, भिजवलं नाही –

उठला. दादा उठला. बरं झालं. जा. जा ना –

भोकात काहीतरी खुपसतोय. गाडीची किल्ली. बोळा आत पडला.

डोळा लावला. नाही, तोंड. हाक मारतोय भोकातून. श्वास आत येतोय. ऊबदार –

सगळ्या तिकडे – हवेत – उन्हात दिसताहेत –

तळवा लावला भोकावर. बोटांमधून जातात. दादा तोंड काढ. दादा, हाक मारू नकोस, आत श्वास घेऊ न